ड्युटीवरचे बादशहा

आमचे शेजारी बांते काका रोज सकाळी एका रोमन बादशहाला शर्टाच्या खिशात घालतात, वरून सेफ्टी पिन लावतात आणि मगच दूध आणायला निघतात.

बादशहा म्हणजे नाणं. तांब्याचं, करंगळीच्या नखाहून जरासं मोठं, काळपट हिरवं. कुठं तरी रोमला, ख्रिस्ती धर्म राजदरबारात नवानवा शिरत होता त्या काळात पाडलेलं. आता मोहाडीच्या तहसील कचेरीच्या मागच्या गल्लीत राहतं. काकांकडे असे बरेच बादशहा आहेत आणि त्यांना पाळीपाळीनं बाहेर काढलं जातं. कचेरीत काम असलं की मोठे महाराज, म्हणजे सम्राट कॉन्स्टंटाइन. लग्नाला जायचं असलं की त्यांचा मधला मुलगा, कारण सगळ्या भावांत तोच जास्त टिकला. दात काढायला जायचं असेल तर सगळ्यात धाकटा.

"आज ड्युटीवर कोण, काका?" मी फाटकातून विचारते.

"मधला," काका खिसा चापसत सांगतात. "भाच्याकडे साक्षगंध आहे. थोरल्याले नेलं असतं, पण तो भांडखोर."

मी शाळेत गणित शिकवते. माझा इतिहास पानिपतापाशी संपतो आणि तिथंही मला मेलेल्यांचे आकडे तेवढे आठवतात. अशा बाईच्या शेजारी रोमचं साम्राज्य राहायला यावं, हा तिच्या नशिबाचा भाग. आम्ही इथं राहायला आलो त्याच दिवशी काका आले, तळहात पुढं केला आणि म्हणाले, "हे क्रिस्पस. यायले बापानंच मारलं." मी घाबरून आत जाऊन ह्यांना बोलावून आणलं होतं. क्रिस्पस हा कॉन्स्टंटाइनचा पहिला मुलगा, हे मला पुष्कळ नंतर कळलं.

डोमाजी बांते हे त्यांचं पूर्ण नाव. नोकरी जमीन मोजणीच्या खात्यात. अख्खा जन्म बांध्याबांध्यांतून साखळी ओढत गेला. धानाच्या दोन बांध्यांमधला जो मातीचा धुरा असतो, त्यावरून सख्खे भाऊ एकमेकांचं तोंड पाहात नाहीत, हे त्यांनी तालुकाभर पाहिलं. दरवर्षी कुदळीनं इकडून वीतभर, तिकडून वीतभर धुरा कोरायचा आणि मग मोजणी आणायची. त्यामुळे जगातल्या कुठल्याही घटनेचं काकांकडे एकच निदान असतं. "धुऱ्याचं भांडण आहे, बाकी काई नाई." दोन देशांची लढाई असो, नगरपंचायतीची सभा असो, की माझ्या दोन मुलांची पांघरुणाची ओढाओढ असो.

रोमच्या बाबतीत मात्र हे निदान बरोबर निघालं, हे मला नाइलाजानं कबूल करावं लागतं. कॉन्स्टंटाइन वारला तेव्हा उरलेल्या तीन मुलांत राज्याची वाटणी झाली. तिघांची नावं अशी एकसारखी, की हजेरी घेताना कोणीही 'हजर' म्हणावं. थोरल्याला वाटलं धाकट्याला जास्त गेलं. तो फौज घेऊन धाकट्याच्या वाट्यात शिरला आणि तिथंच मारला गेला.

"धुरा कोरला त्यानं," काका गंभीरपणे सांगतात. "वाटणीच्या वेळी एक मोजणीदार नेला असता त असं झालं नसतं."

मग ते भिंग माझ्या हातात देऊन नाण्याची मागची बाजू दाखवतात. दोन शिपाई उभे, मध्ये एक झेंडा रोवलेला. "पाहा, मॅडम. मोजणीच्या दिवशी दोन भाऊ असेच उभे रायतात. मधात दगड. दोघायचंबी लक्ष दगडाकडे."

त्या झेंड्यावर पुढं पुढं ख्रिस्ताची खूण येऊ लागते. पण एकदम नाही. कॉन्स्टंटाइननं नवा देव मानला, तरी त्याच्या नाण्यांवर जुना सूर्यदेव बरीच वर्षं राहिला. इतिहासकार यावर मोठमोठे ग्रंथ लिहितात म्हणे. काकांना त्यात काही नवल वाटत नाही. "माह्या करडी गावच्या आत्यानं गुरूचा मंत्र घेतला, मांसमच्छी सोडली. पण नवसाचा कोंबडा देवीले जातेच. फक्त दुसऱ्याच्या हातानं पाठवते. एकदम कोणी सोडत नाई, मॅडम."

एकदा आठवडी बाजारात सुटे पैसे देताना खिशातले थोरले बादशहा वांगेवालीच्या टोपलीत गेले. पुढचा बाजार येईपर्यंत काका जेवले नाहीत, असं काकू सांगत. पण बाईनं नाणं पदराच्या गाठीत जपून ठेवलं होतं. "काका, हा पैसा कोण्या सरकारचा आहे? कोणीच घेत नाई," ती म्हणाली. काकांनी तिचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. खिशाची सेफ्टी पिन ही त्या दिवसापासूनची.

हे सगळं वेड सुरू झालं रामेश्वरच्या यात्रेत. नोकरीत असताना काका-काकू एकदा बसनं दक्षिणेत गेले होते. मदुराईला नदीच्या वाळवंटात एक म्हातारा फडक्यावर मातीनं माखलेले तांब्याचे तुकडे मांडून बसला होता. यात्रेतल्या बाकीच्यांनी समया घेतल्या, साड्या घेतल्या. काकांनी मूठभर चिखल घेतला. आपल्या दक्षिणेशी रोमचा व्यापार होता, त्यांची नाणी तिथल्या नदीत अजून सापडतात, हे त्यांना नंतर कळलं. त्या वेळी त्यांनी ते का घेतलं, हे त्यांनाही सांगता येत नाही. काकू सांगत, "मले साडी घेऊन देतो म्हणत होते. नदीतले काळे कुटके घेऊन आले."

यात्रेहून आल्यावर काकांनी पुस्तकं मागवली, नागपूरच्या एका जुन्या संग्राहकाशी ओळख काढली आणि नाण्यांच्या धर्मातली पहिली आज्ञा शिकले. जुनं नाणं घासायचं नाही. शेकडो वर्षांत तांब्यावर जो हिरवा-काळा थर बसतो, तोच त्याचा जीव. काका त्याला 'साय' म्हणतात. माती काढायची तर नाणं बॅटरीत घालतात त्या शुद्ध पाण्यात महिनोन्महिने भिजत ठेवायचं आणि सुईनं हलकेच कण कण सोडवायचा. झालं. काकूंच्या वाट्या एकेक करून नाहीशा होऊ लागल्या. नागपंचमीला खीर वाढायला गेल्या तर प्रत्येक वाटीत कोणी ना कोणी बसलेलं.

"त्याले हात नको लावजो," काका ओसरीतून ओरडत. "मोठे महाराज भिजून राहिले."

"मंग खीर का महाराजाच्या डोस्क्यावर वाढू?" काकू आतून विचारत.

मला काकू फार आवडत. ठेंगण्या, गोल, बोलक्या. गुडघे दुखायचे म्हणून भिंतीला हात टेकत चालत. आणि काका चालतात ते मोजणीच्या चालीनं, भरभर, मागं न पाहता. त्यामुळे दोघं एकत्र निघाली तरी काका चौक ओलांडून पुढच्या गल्लीत आणि काकू अजून आमच्या फाटकापाशी. मग काकू आमच्याकडेच बसत, चहा पीत आणि काका परत आले की त्यांच्याबरोबर घरी जात. त्यांचं बाजारात जाणं हे एवढंच.

त्या मदुराईच्या चिखलात एक नाणं असं होतं, की वर्षभर भिजूनही उकलेना. काकांनी आशा सोडली होती. एक दिवस काकू ती वाटी रिकामी करायला घेऊन बसल्या आणि आतलं नाणं उन्हात धरून म्हणाल्या, "हा राजा नाई. बाई आहे. अंबाडा दिसून राहिला."

काका हसले. मग भिंग आणलं. मग पुस्तक आणलं. मग पाटावर बसूनच राहिले. ती हेलेना होती, कॉन्स्टंटाइनची आई. म्हातारपणी यात्रेला जेरुसलेमला गेली आणि तिथं तिला ख्रिस्ताचा क्रूस सापडला, अशी कथा सांगतात ती. काकांच्या हिशेबी ही घराण्यातली थोरली सासू. तिच्याशिवाय घराणं अपुरं, आणि ती मिळणं कठीण. ती काकूंच्या खिरीच्या वाटीत मिळाली.

नाण्याच्या मागच्या बाजूला एक बाई हातात फांदी धरून उभी आहे. पुस्तकात तिचं नाव 'सुरक्षितता' असं काहीसं आहे. काकूंनी ते मोडीत काढलं. "फांदी कायची? हे धानाचं परं आहे. रोवण्याले निघाली ते." परं म्हणजे भाताचं रोप आणि रोवणा म्हणजे त्याची लावणी. मग त्या हेलेनाला त्यांनी घरात घेतलंच. बाकीच्या राजांना त्या ओळखतही नसत, पण "आमची बाई बरी आहे नं?" असं अधूनमधून काकांना विचारत.

हेलेनाला मात्र ड्युटी नव्हती. "घरची बाई आहे. बाजारात कायले न्यायची?" काका म्हणत.

"मले बी नेत नाई, तिले बी नेत नाई," काकू मला डोळा घालून म्हणत. "दोघी बसतो घरी."

आणि मग ती दिवाळी आली. आता आमचा हा भंडारा जिल्हा पितळेच्या भांड्यांचा. इथल्या बाईला काळं भांडं दिसलं की तिचे हात शिवशिवतात. काळं भांडं म्हणजे घरच्या बाईची अब्रू. दिवाळीच्या आधी घराघरांतून चिंच आणि राखड निघते आणि अंगणात घंगाळापासून पळीपर्यंत सगळं उन्हासारखं लखलखतं. लक्ष्मीपूजनाला पाटावर मांडायचं नाणंही तसंच घासून लख्ख करायचं, ही रीत. काकूंनी विचार केला, घरात एवढी नाणी, पण सगळे बाप्ये. बाई एकच. लक्ष्मी म्हणून बसवायची तर तिलाच. आणि तिला असं काळ्या तोंडानं कसं बसवायचं?

संध्याकाळी काका आंघोळ करून, धोतर नेसून पूजेला बसले. पाटावर तांदळाच्या राशीवर हेलेना. नव्या तांब्यासारखी लालसर लख्ख, कपाळावर कुंकवाचा ठिपका. चिंचेनं साय गेली होती आणि राखडीनं नाक.

मी फराळाचं ताट घेऊन तेव्हाच दारात पोचले होते. काकांनी तशीच पूजा केली, आरती केली. मग नाणं भिंगाखाली धरून बराच वेळ पाहिलं आणि अगदी हळू म्हणाले, "बाईचं नाक गेलं."

"नाक गेलं त गेलं," काकू म्हणाल्या. "तोंड त दिसून राहिलं. मीनं ओळखली तिले, त मीनंच धुतली."

ते भांडण पुढं कितीतरी वर्षं पुरलं. कोणीही पाहुणा आला, की काका सगळे बादशहा दाखवून शेवटी हेलेना काढत. "हे नाणं मेलं. यायनं मारलं." काकू चहाचा कप ठेवत म्हणत, "घ्या, साखर कमी आहे काय पाहा." पाहुण्याला कळेना, हसावं की दुखवटा पाळावा. मुलगी शहापूरला दिलेली. जावई पहिल्या दिवाळसणाला आला, तेव्हा त्यालाही आधी ही हकिकत ऐकावी लागली, मग अनारसे मिळाले.

दोन वर्षांपूर्वी काकू गेल्या. रोवणा उरकत आला होता. ताप आला, वाढत गेला, नागपूरला नेलं आणि तिथून काका एकटेच परत आले. त्यानंतर बरेच दिवस काकांच्या खिशाला पिन असायची, आत कोणी नसायचं. "आज ड्युटीवर कोण?" असं विचारायची मला हिंमत झाली नाही. मग एका सकाळी तेच फाटकाशी थांबून म्हणाले, "आज थोरला आहे." मला इतकं बरं वाटलं, की मी रोमच्या त्या भांडखोर थोरल्याला मनातल्या मनात नमस्कार केला.

या वर्षी नागपूरला नाण्यांचं मोठं प्रदर्शन ठरलं. काकांचे जुने स्नेही, डोळ्यांचे निवृत्त डॉक्टर, ते भरवणाऱ्यांत होते. पूर्ण संचांना तिथं वेगळी काचपेटी, खाली संग्राहकाच्या नावाची पट्टी. काकांचं सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या हद्दींवर दुसऱ्यांची नावं लावण्यात गेलं. आपल्या नावाची एक पट्टी असावी, खाली 'मोहाडी' असं लिहिलेलं असावं, ही त्यांची जुनी इच्छा. मला ती ठाऊक होती, कारण पट्टीवरचा मजकूर त्यांनी माझ्याकडून आधीच सुवाच्य अक्षरात लिहून घेतला होता.

डॉक्टर दिवाळीच्या आधी मोहाडीला आले. एकेक नाणं पाहात मान डोलावत गेले आणि हेलेनापाशी थांबले. "बांते साहेब, सगळं घराणं फर्स्ट क्लास. पण ही चालणार नाही. घासलेली आहे. लोक संच पाहणार नाहीत, नाक पाहतील."

काकांनी हेलेना उचलून तळहातावर घेतली.

डॉक्टर भला माणूस. त्यांनी खिशातून एक पुडी काढली. "माझ्याकडे दोन आहेत. ही तुम्हाला ठेवा. तुमची मला द्या. नवीन पोरांना दाखवायला कामी येईल, नाणं कसं धुऊ नये म्हणून. दिवाळी झाली की घेऊन जातो."

पुडीतली हेलेना खरंच देखणी होती. गर्द हिरवी, अंबाड्याची वेणी अन् वेणी मोजून घ्यावी अशी. काका त्या दिवशी संध्याकाळी धापा टाकत आमच्याकडे आले. "पाहा, मॅडम. नाक पाहा." ह्यांना दाखवलं. मुलांना दाखवलं. कधी नव्हे ते धुऱ्याच्या भांडणाचा उल्लेखही केला नाही. घराणं पूर्ण झालं होतं. वर्षानुवर्षं सांगितलेल्या दुःखाचा असा सोयीस्कर निकाल लागलेला मी पहिल्यांदाच पाहात होते. मला आनंद झाला आणि जरासा रागही आला. कोणाचा ते मला सांगता येणार नाही.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, दिवे लावायच्या आधी, काका मागच्या दारानं आले. हातात रिकामी वाटी.

"चिच आहे काय, मॅडम, घरी?"

मी चिंचेचा गोळा दिला. ते वाटीकडे पाहात उभेच राहिले. "किती घेतात? अन् राखड आधी का चिच आधी?"

पितळेचं काही घासायचं असेल, असं मला वाटलं. एकट्या पुरुषाच्या घरात चिंचेचा चिखल होईल म्हणून मी त्यांच्या मागोमाग गेले. न्हाणीपाशी पाट मांडलेला, आंघोळीच्या चुलीतली राखड कागदावर काढलेली, आणि पाटावर हेलेना. डॉक्टरांची नव्हे, घरची.

मी ती उचलून पाहिली. आता ती तशी लख्ख राहिली नव्हती. तपकिरी झाली होती आणि अंबाड्याच्या कडेनं बारीक हिरवी रेघ धरत होती.

"काका, ही तर सुधारतेय," मी म्हणाले. "साय धरतेय पुन्हा. अशीच राहू द्या. अजून काही वर्षांनी डॉक्टरही नाव ठेवणार नाहीत."

"धरून राहिली," काका म्हणाले. "थेच त सांगतो. दरसाल तुमची काकू घासे. मी रागवो, अन् थे माह्या चोरून घासे. आता दोन दिवाळ्या कोणी हात नाई लावला." त्यांनी वाटीतली चिंच कुस्करली. "तिचा हात पुसल्या जाऊन राहिला, मॅडम."

नाणी घासू नयेत हे ज्यांनी गल्लीतल्या प्रत्येकाला शिकवलं, त्यांना मी त्या संध्याकाळी नाणं घासायला शिकवलं. आधी चिंच, मग राखड. फक्त अंगठ्यानं, हलक्या हातानं. हळूहळू हिरवी रेघ गेली, तपकिरी गेलं आणि खालून लालसर तांबं वर आलं. मी म्हणाले, "नाक सांभाळा." ते म्हणाले, "नाक कुठं आहे आता," आणि आम्ही दोघंही हसलो. मग त्यांनी ती धुतली, पुसली, तांदळावर ठेवली आणि कुंकू लावलं. मी घरी येऊन स्वयंपाकघरात थोडा वेळ उगाचच उभी राहिले. मला रडू आलं होतं.

भाऊबीज झाली आणि डॉक्टर आले. काकांनी त्यांना चिवडा दिला, चहा दिला आणि हिरव्या हेलेनाची पुडी पुढं केली. डॉक्टरांना काही कळेना. प्रदर्शन तोंडावर, पट्टी छापायला गेलेली, आणि हा माणूस चांगलं नाणं परत करतोय. "काहून पण, बांते साहेब? काय अडचण आहे?"

"हद्द कायम झाली, डॉक्टर साहेब," काका म्हणाले. "आता दगड हालवत नाई."

संच गेला नाही. प्रदर्शनात त्या काचपेटीत दुसऱ्या कोणाचं तरी घराणं लागलं. डॉक्टरांनी मोबाइलवर फोटो पाठवले, काकांनी ते मला दाखवले आणि "चांगलं मांडलं आहे" म्हणाले. एवढंच. माझ्या अक्षरातला तो मजकूर अजून त्यांच्या भिंतीवरच्या कॅलेंडरामागे खोचलेला आहे.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी फाटकात उभी होते. धान कापणी जोरात होती, गल्लीतून पेंढ्या भरलेला ट्रॅक्टर गेला आणि त्याच्या मागून काका थैली घेऊन बाहेर आले. खिशाला एकाऐवजी दोन पिना.

"आज ड्युटीवर कोण, काका?"

काकांनी खिसा चापसला. जरासे लाजले.

"आज बाई आहेत," ते म्हणाले. "म्हटलं, एकदा बाजार दाखवून आणतो."

मग खिशाकडे पाहून "चाल" म्हणाले आणि निघाले. मी चौकापर्यंत पाहात राहिले. मोजणीच्या चालीनं चालणारा माणूस, पण त्या दिवशी मध्ये मध्ये थांबत, भिंतीच्या कडेकडेनं, अगदी हळू चालत होता.